बैलाची सोय

आमच्या वर्ध्याकडच्या सेलूत म्युझियम झालं तेव्हा अर्ध्या गावाला ते गोदाम वाटलं आणि उरलेल्या अर्ध्याला भंगारचं दुकान. दोघांचीही चूक नव्हती. जागा खरोखरच जुन्या जिनिंगच्या गोदामाची होती, आणि आत मांडलेलं सामान म्हणजे तिफण, वखर, मोट, पितळी डबे, पाटे-वरवंटे. आमच्याच घरांतून भंगारवाल्याकडे गेलेलं. "आपल्याकडून किलोवर नेलं अन् इथं काचीत ठेवलं," असं शेजारीण म्हणाली तेव्हा मी खूप हसले, पण म्युझियममध्ये चक्कर मारायची मला सवय लागली ती लागलीच. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, लग्न केलं नाही, रिटायर झाले. माझ्यापाशी वेळ आणि मतं दोन्ही भरपूर आहेत.

म्युझियम सांभाळायला विश्वस्तांनी सांगलीकडची एक मुलगी आणली होती. याच विषयात शिकलेली. सगळे तिला मॅडम म्हणत. मी पहिल्या दिवसापासून पोरी म्हणायला लागले आणि ती मला काकू. आजी म्हणाली असती तर तिथेच आमचा संबंध संपला असता.

एका हिवाळ्यात तिने समाजमंदिरात सभा घेतली. लोकांनी आपल्या पश्चात म्युझियमला काही द्यावं, असा विषय होता. बिचारीला मरण हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता. "आपण नसताना", "पुढे कधीतरी", "आपली आठवण मागे राहावी म्हणून" अशी तिची गाडी वळणं घेत चालली होती आणि माणसं एकमेकांकडे बघत होती. तिचं म्हणणं तसं सरळ होतं. जी वस्तू आज वापरात आहे, जिच्यावर जीव आहे, ती आज कोण देणार? तर देऊ नका. हयातभर वापरा. फक्त इच्छापत्रात लिहून ठेवा की माझ्यामागे ही म्युझियमची. आणि मनात आलं तर घर, शेत, बँकेतली ठेव यातलाही एखादा तुकडा लिहा, कारण वस्तू टिकवायच्या तर वर छप्पर लागतं, वीज लागते, वाळवीचं औषध लागतं.

मागच्या रांगेतून आमच्या गल्लीतले आबाजी उठले. वय झालेलं, खांद्यावर कायम दुपट्टा, आवाज मात्र अजून शेतातून शेतात जाईल असा.

"म्हंजे मॅडम, तुमी आमच्या मरायची वाट पाहून राह्यल्या काय?"

सभा हसली. ती लाल झाली. "नाही हो आजोबा! तुम्ही शंभर वर्षं जगा."

"मंग तुमच्या म्युझियमचं कसं होईन?"

त्यानंतर सभा काही पुढे सरकली नाही. चहा झाला, चिवडा झाला, आणि लोक मरणावर विनोद करत घरी गेले. मीही हसत आले. पण दार उघडलं, दिवा लावला, आणि समोरच्या खोलीत उभा असलेला माझा बैल पाहिला तेव्हा हसू थांबलं.

हा बैल लाकडाचा आहे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झाला, आता पोरांच्या लाकडी बैलांचा. बैल सजवायचे, चाकांवर ओढत घरोघर न्यायचे, आणि घरच्यांनी पोरांच्या हातावर बोजारा ठेवायचा. बोजारा म्हणजे नाणं, चॉकलेट, मूठभर बुंदी, ज्याला जे जमेल ते. माझे वडील सुतार. छकड्यांची चाकं करण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. गावातल्या कितीतरी पोरांचे बैल त्यांनी केले, पण आमच्या घरात बैल नव्हता, कारण आम्ही दोघी बहिणी आणि तेव्हा बैल ओढायचे ते मुलांनी. एका तान्ह्या पोळ्याला मी असं रडून घर डोक्यावर घेतलं की आई म्हणाली, हिला एक ठेवून द्या नाहीतर बैल द्या. वडिलांनी दुसरं निवडलं. पुढच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत सागाचा बैल तयार झाला, माझ्या कमरेएवढा. अगदी वळूसारखं वशिंड काढलेला, मान किंचित उजवीकडे झुकलेली, कोणीतरी हाक मारल्यासारखी.

शेजारच्या एकाने विचारलं, पोरीले बैल काऊन केला? वडील रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "ओढाले दोन हात लागते. तिले हायेत."

मी ओढला, बहिणीने ओढला. आम्ही मोठ्या झालो तशी गल्लीतली पोरं ओढायला लागली. आज तान्हा पोळा आला की सकाळपासून माझ्या दारात गोंधळ असतो. मी आधी आठवडाभर त्याला तेल लावते, शिंगं रंगवते, झूल धुऊन इस्त्री करते. ज्यांनी एके काळी ओढला ते आता आपली पोरं घेऊन येतात, आणि "आमच्या टायमाले हा याहून मोठा होता" असं सांगतात. बैल आहे तेवढाच आहे, तेच वाढले.

मी नसेन तेव्हा हा बैल कोणाच्या दारातून निघणार, एवढाच प्रश्न होता. त्या दिवसापासून तो डोक्यातून जाईना. मरणाची मला फार भीती नाही. एक्स्चेंजमध्ये एवढ्या लोकांना मरणाच्या एवढ्या बातम्या जोडून दिल्या की ती भीती कधीच झिजली. पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी कुलूपबंद खोलीत उभा असलेला बैल डोळ्यासमोर आला की मी हातातलं काम टाकून त्याला फडकं मारायला उठायचे.

उन्हाळ्यात बहिणीचा मुलगा पुण्याहून बायकोला घेऊन आला. गुणी पोरं आहेत दोघं. जेवण झाल्यावर तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मावशी, पुढे हा मला देशील?"

मला इतका आनंद झाला की मी लगेच आंबे कापायला घेतले. तेवढ्यात सूनबाई लाडाने म्हणाली, "पाठीवर एक गोल काच बसवली ना मावशी, तर काय सुंदर टीपॉय होईल!"

मी आंबा कापत राहिले. बोलले असते तर ती दोघं संध्याकाळच्या बसने परत गेली असती. टीपॉय! माझ्या वडिलांच्या बैलाच्या पाठीवर चहाचे कप, रिमोट आणि बिस्किटांचा चुरा! त्यांचं घर अकराव्या मजल्यावर आहे. तिथे ओढायचा म्हटला तरी कुठे, लिफ्टमध्ये? ती दोघं गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी छत्री घेऊन भर उन्हात म्युझियममध्ये गेले.

"पोरी, लिहून घे," मी म्हटलं. "माह्यामागं माहा बैल तुमचा."

तिला टाळ्याच वाजवायच्या बाकी होत्या. तिने तो तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याबद्दल ऐकलं होतं. लगेच टेप घेऊन घरी आली, लांबी-उंची मोजली, पोटाखाली वाकून टॉर्च मारला, फोटो काढले. मग मला जागा दाखवायला परत घेऊन गेली. दारातून आत शिरताच समोर, खिडकीतला उजेड बरोबर अंगावर पडेल अशी. मी खूश. आणि मग ती नियम सांगायला लागली. एकदा बैल आत आला की हात लावायचा नाही. तेल नाही, रंग नाही, हळद-कुंकू तर अजिबात नाही. चौफेर दोरी.

"अन् तान्ह्या पोळ्याले?"

"त्या दिवशी आपण विशेष माहिती ठेवू ना, काकू. मुलांना इथे बोलवू."

"बैल बाहेर कवा निघन?"

"नोंद झालेली वस्तू बाहेर काढता येत नाही. तिला धक्का लागला तर?"

"मंग थो भाचाच बरा," मी म्हटलं. "तो निदान चहा तरी ठेवन त्याच्यावर."

छत्री तिथेच विसरून मी तणतणत घरी आले. माझा राग असा आहे की तो मला स्वतःलाच आधी भाजतो. पोळ्यापर्यंत मी त्या रस्त्याने गेले नाही, आणि आधी ऊन, मग पाऊस असा की छत्रीवाचून रोज डोक्यावर पदर घ्यावा लागला.

छत्री परत आली ती तान्ह्या पोळ्याच्या सकाळी. दारात पोरं जमली होती, बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ चढत होती, आणि छत्री हातात घेऊन ती उभी. "मी नुसती बघायला आले," म्हणाली. सांगलीकडे बैलांचा बेंदूर असतो, हे असलं काही नसतं, असंही म्हणाली. मी तिला दोर धरायला दिला नाही. म्हटलं, पाहायचं आहे ना, पाहा.

बघायला आलेली ती पोरगी सबंध रस्ताभर बैलाच्या बाजूने दोन्ही हात पसरून चालत होती. नुकतं चालायला लागलेल्या लेकराच्या मागे आई चालते तशी. खड्डा आला की तिच्या तोंडून "अगं आई" निघायचं. पोरं मुद्दाम खड्ड्यातून न्यायला लागली. बाजाराच्या वळणावर एक चाक दगडावर चढलं, बैल कलला, आणि हिने डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा बैल उभा होता आणि पोरं हसत होती. तिथे मात्र मला तिची दया आली. मी दोराचं टोक तिच्या हातात दिलं.

दुपारी माझ्याकडे पुरणपोळी खाताना ती बैलाजवळ खाली बसली आणि विचारू लागली. हा कान वेगळ्या लाकडाचा का? मी सांगितलं, एका वर्षी नालीत पडला तेव्हा तुटला, नवा बसवला. शेपटी? ती तर कितीदा बदलली कोण जाणे. डावं शिंग बाभळीचं. चाकं तर वडिलांची एकही राहिली नाहीत. मी जरा ओशाळून म्हटलं, "तुमच्या म्युझियमच्या हिशोबानं हा जुना रायलाच नाई म्हन."

ती ऐकत नव्हती. बैलाच्या कानामागे बोट फिरवत होती. मग म्हणाली, "काकू, याला एवढी वर्षं कोणी ना कोणी दुरुस्त करत आलंय. का? कारण दुसऱ्या वर्षी परत न्यायचा होता. मी याला दोरी बांधून ठेवला तर दुरुस्त करायची गरजच कोणाला पडणार नाही." पोळी तशीच ताटात ठेवून ती हात धुवायला उठली. "मी बोलते विश्वस्तांशी."

विश्वस्तांपुढे मीही गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. अध्यक्ष सभ्य माणूस, पण काळजी करण्यात हुशार. "अन् फुटला तं?" ते पुन्हा पुन्हा विचारत.

"फुटला तं सुतार हाये," मी म्हटलं. "अन् सुतार नसला तं समजा गावच फुटलं. मंग बैल ठेवून काय करता?"

शेवटी ठरलं. बैल माझ्यामागे म्युझियमला जाईल, आणि दर तान्ह्या पोळ्याला म्युझियम त्याला बाहेर काढेल. गल्लीतली पोरं ओढतील. ज्या वर्षी काढणार नाहीत त्या वर्षी बैलावरचा त्यांचा हक्क संपेल आणि तो जवळच्या शाळेला जाईल.

वर्ध्याच्या वकिलांकडे इच्छापत्राचा मसुदा करायला गेले तेव्हा मी आणखी एक विचार करून ठेवला होता. माझ्या घराला रस्त्याच्या बाजूने दुकानाचा गाळा आहे. त्याचं भाडं येतं. बैल द्यायचा आणि त्याच्या चाऱ्याची सोय करायची नाही, हे मला पटेना. तेल लागेल, दोर लागेल, सुताराची मजुरी लागेल, बोजारा लागेल, आणि वरचं छप्पर गळायला लागलं तर बैल भिजेल. मी वकिलांना सांगितलं, "माह्यामागं तो गाळा बैलाच्या नावानं करा."

वकिलांनी चष्मा काढला. "बाई, बैलाच्या नावानं मालमत्ता करता येत नाही."

"काऊन? कमवून तर तोच राह्यला."

"तो लाकडाचा आहे."

"मंग तर बरंच ना. विकून खानार नाई."

बराच वेळ समजावल्यावर मी मानलं. गाळा म्युझियमच्या ट्रस्टला, भाडं आधी बैलासाठी आणि उरलेलं बाकीच्या वस्तूंसाठी, असं लिहिलं. राहतं घर आणि वडिलांची हत्यारं भाच्याला. भाच्याला मी फोनवर सगळं सांगितलं. तो हसायला लागला. म्हणाला, "मावशी, टीपॉयमुळे ना?" मी हो म्हटलं. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. मी म्हणते ना, गुणी आहे.

इकडे म्युझियममध्ये माझ्या बैलाची जागा मोकळी करून ठेवली होती. ही बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागणार? एके दिवशी पोरीचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला. "काकू, लवकर या. आबाजींनी इथे दुपट्टा टाकलाय."

जाऊन पाहते तर माझ्या बैलाच्या मोकळ्या जागेला लागून आबाजींचा दुपट्टा अंथरलेला, आणि शेजारी स्टुलावर आबाजी. एस.टी.त खिडकीतून दुपट्टा टाकून सीट धरावी तशी त्यांनी जागा धरली होती.

"माह्या लाकडी नंदीची जागा हाये," ते म्हणाले. "हिच्या बैलाच्या बाजूलेच पाह्यजे. दोघं जनमभर सोबत फिरले."

"आबाजी, अगोदर इच्छापत्र करावं लागतं," पोरगी म्हणाली.

"थे करतोच ना. पन तवापरेंत कोनी बसलं तं?"

दुसऱ्या दिवशी तिथे एक टॉवेल आला. मग एक हातरुमाल, त्यावर दगड. मग कोणीतरी पिशवी ठेवली. खुद्द अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचा नॅपकिन आला, त्यांच्या माहेरच्या बैलासाठी. म्युझियम बघायला वर्ध्याहून शाळेची सहल आली तेव्हा मुलं त्या टॉवेलांसमोर गंभीर तोंडाने उभी राहून माहिती शोधत होती. पोरगी आधी वैतागली, मग तीही हसू लागली. तिने सगळ्यांना सांगितलं, दुपट्टे घेऊन जा, वकिलांकडे जा, जागा राहील. सभेत जे तिला जमलं नव्हतं ते त्या दुपट्ट्याने केलं. बरेच जण खरंच गेले. आबाजींनी तर शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, सागाची झाडंसुद्धा लिहून दिली, बैलांच्या दुरुस्तीला लाकूड म्हणून.

माझा मसुदा टाइप होऊन आला, साक्षीदार ठरले, आणि सही करायच्या वेळी माझं डोकं फिरलं. मी पोरीला विचारलं, "मी मेल्यावर तुमी शब्द पाळला का नाई, हे मले कोन सांगन?"

ती गोंधळली. "काकू, तसं लिहिलंय ना त्यात."

"लिहिलं तं मी बी आयुष्यभर लय वाचलं. मले पाहाचं हाये."

आणि मी माझा बेत सांगितला. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मी मेले असं धरायचं. बैल महिनाभर आधी म्युझियममध्ये न्यायचा. तेल, रंग, झूल, पोरं गोळा करणं, सगळं त्यांनी. मी विचारणार नाही, फोन करणार नाही, त्या बाजूला फिरकणार नाही. त्या दिवशी मी घरात बसून राहीन. बैल माझ्या दारात आला तर दुसऱ्या दिवशी सही. नाही आला तर मसुदा चुलीत.

शेजारीण कानावर हात ठेवून म्हणाली, सणासुदीला काय अभद्र बोलून राह्यल्या? मला तर त्यात मजाच वाटत होती. गावात नाटकं बसतात, त्यांची रंगीत तालीम होते. मग एवढ्या मोठ्या प्रसंगाची का नको?

मजा बैल न्यायला टेम्पो आला त्या दिवशी संपली. समोरच्या खोलीत फरशीवर त्याच्या चाकांच्या चार खुणा राहिल्या आणि मी त्यांना वळसा घालून चालू लागले. सवयीने रोज संध्याकाळी तिथे फडकं मारायला जायचे आणि हात हवेत राहायचा. एकदा तर रागच आला, स्वतःचा. धडधाकट असताना कशाला मेलीस बाई?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी पहाटेच उठले. बोजाऱ्यासाठी ताटात नाणी आणि चॉकलेटं काढून ठेवली, बुंदी झाकून ठेवली. दारापुढे सडा घातला. मग आठवलं की आपण मेलो आहोत, आणि आत येऊन बसले. दहा वाजले. एरवी या वेळेला बैल गल्लीच्या तोंडाशी असतो. अकरा. घुंगरू नाही, आरडाओरडा नाही. गल्लीतली पोरंसुद्धा दिसेनात. लहान लहान बैल घेऊन पलीकडच्या गल्लीतली दोन-तीन पोरं आली, त्यांना बोजारा दिला, पण मोठ्या बैलाचं विचारलं नाही, कारण शब्द दिला होता.

बारा वाजता मी गच्चीवर गेले. मेलेल्या माणसाने गच्चीवर जायचं नसतं, पण मी कपडे वाळत घालायला गेले होते. कपडे धुतलेलेच नव्हते, ही गोष्ट वेगळी. गच्चीवरून रस्ता दिसतो आणि रस्ता रिकामा होता. खाली आले. चहा ठेवला, तो उतू गेला. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "बाई, फोन करून पाहा ना." मी तिला झिडकारलं. मनात मात्र सगळं ठरत आलं होतं. त्यांनी कुठेतरी धसका घेतला, पावसाचं निमित्त झालं, अध्यक्षांनी मोडता घातला. चार शब्द लिहून बैल चालत नसतो, हे मला आधी कळायला हवं होतं. मला रडू आलं. लहानपणी आलं होतं तसंच, तान्ह्या पोळ्याचं आणि बैलासाठी. फरक एवढाच की आता रंधा बाजूला ठेवून उठायला वडील नव्हते.

मग ढोल ऐकू आला.

आधी वाटलं दुसऱ्या गल्लीत आहे. मग घुंगरू, एका बैलाचे नव्हे, पुष्कळ. मी दारात आले तेव्हा गल्लीचं तोंड बैलांनी भरलं होतं. पुढे माझा. मागे आबाजींचा, त्यामागे टॉवेलवाल्याचा, हातरुमालवाल्याचा, अध्यक्षांच्या सासरचा, आणि मी कधी न पाहिलेले आणखी कितीतरी. सगळ्यांनी आपापले बैल आजच म्युझियमच्या मिरवणुकीत आणले होते. मरेपर्यंत थांबायला कोणालाच वेळ नव्हता. पुढचा दोर गल्लीतल्या पोरापोरींच्या हातात होता, पोरीच जास्त, आणि बैलाच्या बाजूने आमची सांगलीकडची पोरगी चालत होती. हात पसरलेले नव्हते. साडीला वंगण, कपाळावर गुलाल, आवाज बसलेला.

जवळ आल्यावर दिसलं की बैलाचं पुढचं एक चाक कोरं पांढरं आहे. बाजाराच्या वळणावर जुनं चाक फुटलं होतं. बैल रस्त्यात तोंडावर पडला. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला, "परत न्या" म्हणाले. पोरगी म्हणाली, नाही, काकूंच्या दारात जायचंय. सगळी मिरवणूक तिथेच रस्त्यावर बसली, सुतार घरून बोलावला, आबाजींच्या धुऱ्यावरचं लाकूड आलं, चाक झालं, मग निघाले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ते पांढरं चाक दिसत होतं.

बैल दारासमोर थांबला. मान नेहमीसारखी किंचित उजवीकडे, माझ्याकडे. दोर धरलेल्यांतली सगळ्यात लहान मुलगी पुढे आली आणि मला नीट न्याहाळून म्हणाली, "आजी, तुमी तं मेल्या होत्या ना?"

आजी म्हटल्याचा राग यायला हवा होता. आला नाही. "हो," मी म्हटलं, "पन बोजारा द्याचा रायला होता."

तिने हात पुढे केला. आयुष्यात कितीतरी दारांपुढे मी या बैलाचा दोर धरून हात पुढे केला होता. माझ्या दारात तो बोजारा मागायला पहिल्यांदाच आला. मी नाणं ठेवलं, चॉकलेट ठेवलं, वर मूठभर बुंदी. मागच्या सगळ्यांना देता देता ताट रिकामं झालं. "उद्या वकिलाकडे जाऊ," मी पोरीला म्हटलं.

ढोल पुन्हा सुरू झाला. पोरांनी दोर ताणला, बैलाचं तोंड शेजारणीच्या दाराकडे वळवलं आणि निघाली. मी चौकटीला धरून उभी राहिले. पांढरं चाक जुन्या चाकांबरोबर फिरत होतं, पोरं भांडत होती की आता दोर कोणाचा. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्यातल्या कोणीही मागे वळून पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं.